माझ्या मुलीच्या दम्याला मी सर्दी म्हणत होते

धीर देणारं काही वाचायचं असेल तर ते दुसरीकडे शोधा. धीर देणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून संशय येतो. समोरचा फार गोड बोलायला लागला की हा आता काय गळ्यात मारणार, हेच माझ्या डोक्यात येतं. पण माझ्या मुलीच्या, श्रावणीच्या आजारपणात मी ज्या चुका केल्या, त्याच आज बदलापूर-अंबरनाथमधल्या कितीतरी आया करताहेत. मला ते माहीत आहे. कसं माहीत आहे, ते पुढे येईलच.

आधी मी कोण ते सांगते. बदलापूरच्या कात्रपमध्ये माझं शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आहे. एका जुन्या शिलाई मशीनवर, भाड्याच्या खोलीत सुरुवात केली. आता आजूबाजूच्या पाच शाळांचे कपडे माझ्याकडे मिळतात. हे मला कोणी ताटात वाढून दिलं नाही. उल्हासनगरच्या कापडवाल्यांशी, कारागिरांशी, शाळेच्या क्लार्कशी भांडून मिळवलं. नवरा अंबरनाथ एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीत शिफ्टला जातो. तो शांत आहे. दोघंही माझ्यासारखे असतो तर शेजाऱ्यांनी बिल्डिंग सोडली असती.

धंद्यात माझा एकच नियम: पहिला आकडा कोणी खरा सांगत नाही. कापडवाला जो भाव बोलतो त्याच्या अर्ध्यापासून मी सुरुवात करते. या नियमाने मला दुकान दिलं. त्याच नियमाने मी माझ्या पोरीला ऑक्सिजनवर नेऊन ठेवलं.

खोकला

श्रावणी तिसरीत असल्यापासून खोकायची. पळून आली की खोकला, हसली की खोकला, थंडी पडली की पहाटे खोकला. मी प्रत्येक वेळी नवा गुन्हेगार पकडायचे. कधी शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा. कधी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा धूप. त्यावरून मी काकूंशी असं भांडले की त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. वारा अंबरनाथच्या बाजूने आला की कधीकधी उग्र वास येतो, तेव्हा तर माझी खात्रीच पटायची. "तुमच्या कंपन्याच सोडतात ते," असं मी नवऱ्याला म्हणायचे, जणू व्हॉल्व्ह तोच फिरवतो. "अगं, आमच्याकडे गिअर बनतात," तो म्हणायचा.

कोपऱ्यावरचे डॉक्टर दर वेळी तेच म्हणायचे, "सर्दी आहे, हवामान बदललंय." पाच दिवसांचं औषध द्यायचे. पाच दिवस बरं, पुन्हा सुरू. मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम अर्धवट बरं करतो, पुन्हा यावं म्हणून. डॉक्टर बदलला. नवा म्हणाला, "ऍलर्जी आहे." तिसरा म्हणाला, "छातीत कफ आहे." कोणीच तो शब्द उच्चारला नाही. आता वाटतं, आम्हाला तो ऐकायचा नव्हता आणि त्यांना ते दिसत होतं.

माझ्या नणंदेने, खरवईला राहतात त्या, एकदाच तो शब्द काढला आणि तोही दार लावून. "सुरेखा, पोरीची छाती वाजते गं. दम्याचं असेल तर कुठे बोलू नकोस. मुलीची जात. उद्या लग्नाच्या वेळी लोक हेच उकरून काढतील." श्रावणी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या लग्नाची चिंता नणंदेला तिच्या श्वासाच्या आधी पडली, म्हणून मला राग आला. पण सल्ला मात्र मी मुकाट्याने घेतला.

फुंकर मारायची नळी

ज्या दिवशी निदान झालं त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं नव्हतं. तासाभरात येते, असं सांगून निघाले होते. शाळेतल्या एका बाईंनी एका डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं होतं. मी विचारलंही होतं, "तुमच्या ओळखीच्या आहेत का?" ओळखीतून सांगितलेल्या डॉक्टरचा मला आधी संशय येतो.

डॉक्टरबाईंनी श्रावणीला एका प्लास्टिकच्या नळीत जोरात फुंकायला सांगितलं. नळीवरचा आकडे दाखवणारा काटा थोडा सरकून थांबला. मग मशीनने औषधाची वाफ दिली, पंधरा-वीस मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. काटा बराच पुढे गेला. श्रावणी खूश झाली. तिला वाटलं, ती खेळ जिंकली.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "ताई, हा दमा आहे."

"सर्दी नाही?"

"नाही."

"पण आमच्या घरात कोणालाच नाही."

"कोणालाच नाही, की कोणी सांगत नाही?"

मला तो प्रश्न आवडला नाही. मी विचारलं, "एमआयडीसीच्या वासामुळे झाला ना? लिहून द्या तसं." त्या म्हणाल्या, धूर, धूळ, वास, थंड हवा, सर्दी, यातल्या कशानेही त्रास उसळू शकतो. एकाच कशाचं तरी नाव लिहून द्यायला त्या तयार नव्हत्या. मला गुन्हेगार हवा होता. मग त्यांनी विचारलं, "मुलगी झोपते त्या खोलीत काय काय आहे?" मी म्हटलं, "पलंग आणि कपाट." कापडाचे तागे छतापर्यंत रचले होते ते मी सांगितलं नाही. दुकानात जागा नव्हती आणि माझ्या घरात काय आहे ते मी सहसा कोणाला सांगत नाही.

त्यांनी दोन पंप लिहून दिले. तपकिरी रोज घ्यायचा, सकाळी दोन वेळा आणि संध्याकाळी दोन वेळा दाबायचा, बरं वाटलं तरी थांबवायचा नाही. निळा फक्त त्रास होईल तेव्हा, पण तो कायम जवळ हवा, शाळेतसुद्धा. पंपाला लावायला एक प्लास्टिकचं नळकांडं, म्हणजे पोराला औषध सावकाश ओढता येतं.

मी म्हटलं, "सकाळी एक, संध्याकाळी एक चालेल का?"

"नाही."

"बरं, सकाळी दोन. संध्याकाळचं राहू दे."

डॉक्टरबाई हसल्या. "ताई, हा भाजीबाजार नाही."

त्या हसल्या तिथेच बिनसलं. निघताना मी विचारलं, "हे किती दिवस?" त्या म्हणाल्या, "तीन महिन्यांनी बघू. मग ठरवू." बघू आणि ठरवू! तारीख न सांगणारा माणूस मला वायदे करणाऱ्या गिऱ्हाइकासारखा वाटतो. औषधाचं दुकान त्याच बिल्डिंगमध्ये खाली होतं, तेव्हा तर माझी खात्रीच झाली. मी तिथून घेतलंच नाही. स्टेशनजवळ जाऊन घेतलं. तिथेही तीच किंमत होती, पण समाधान माझं.

लालचंद शेठचा ड्रॉवर

त्याच आठवड्यात मी उल्हासनगरला कापड घ्यायला गेले. शाळेला सुट्टी होती म्हणून श्रावणी सोबत होती. लालचंद शेठ म्हणजे माझा जुना शत्रू. सत्तरी ओलांडलेले सिंधी व्यापारी. माझं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही आणि तरीही मी दुसरीकडे गेले नाही.

त्यांच्या माणसाने तागा धाडकन आपटला. धूळ उडाली. श्रावणी खोकायला लागली. थांबेचना. मी तिच्या पाठीवर थापट्या मारत होते आणि "सर्दी आहे, सर्दी आहे" म्हणत होते.

लालचंद शेठ चष्म्यावरून बघत होते. त्यांनी गल्ल्याशेजारचा ड्रॉवर उघडला आणि निळा पंप काढून काउंटरवर ठेवला. "अदी, मेरे से क्या छुपाती है? ये सर्दी की आवाज है?"

अदी म्हणजे त्यांच्या भाषेत बहीण. भाव वाढवायचा असला की ते मला अदी म्हणतात, म्हणून मी सावध झाले.

"आप को कब से है?" मी विचारलं.

"तीस साल. इसी के भरोसे तो दुकान पे बैठा हूँ, तेरे जैसों से झगड़ता हूँ. बच्ची को डॉक्टर ने दिया है तो बराबर देना. कंजूसी मत करना."

आता बघा, माणूस संशयी असला की खरं ऐकूनही उलटंच कसं ऐकतो. या माणसाने मला फुकटात खरी गोष्ट सांगितली होती. मी मात्र घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "बघितलंत? तीस वर्षं! एकदा चिकटला की सुटत नाही हा पंप. सवय लावतात."

नवरा म्हणाला, "सवय पंपाची की श्वासाची?"

मी त्याला गप्प केलं. आणि तपकिरी पंप निम्म्यावर आणला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दोन आठवड्यांत खोकला थांबला. मी जिंकले. मग संध्याकाळचा बंद केला. मग सकाळचा, आठवण झाली तर. दिवाळीनंतर तो कपाटात गेला.

निळ्याबद्दल मी श्रावणीला ताकीद दिली होती. "बॅगेत तळाशी ठेवायचा. कोणाला दाखवायचा नाही. लागलाच तर बाथरूमला जाते असं सांगून तिथे घ्यायचा." तिने मान हलवली होती. माझी पोर माझं ऐकते.

फोन

डिसेंबरातली सकाळ होती. मी हाऊसच्या टी-शर्टांचे गठ्ठे लावत होते, कारण सगळ्या शाळांचे क्रीडा महोत्सव जवळ आले होते. शाळेतून फोन आला. "श्रावणीची तब्येत बरी नाही. लगेच या."

मी रिक्षाने पोहोचले तेव्हा ती मैदानाच्या कडेला कट्ट्यावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून. दोन्ही खांदे कानापर्यंत वर जात होते. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. तिने माझ्याकडे बघितलं, पण 'आई' म्हणता आलं नाही. ओठ निळे पडले होते. माझ्या दुकानात निळ्याच्या बावीस छटा आहेत. ती छटा मी कधी बघितली नव्हती.

पीटीचे सर म्हणत होते, "पळायला लावलं की हिचं असंच असतं. आज जरा जास्तच झालं."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. वर्गातून बॅग आणायला लावली, तळातून पंप काढला, तिच्या तोंडाला लावला. तिला ओढताच येत नव्हतं. नळकांडं घरी होतं. मी चार-पाचदा दाबला. त्याच रिक्षात तिला घातलं. वाटेत रस्ता खोदलेला. रिक्षावाला स्वतः उतरून पुढच्या गाड्यांना हात करत होता. घाईत मी त्याला पैसे द्यायला विसरले आणि तोही मागायला थांबला नाही. त्या माणसाला मी नंतर दोन दिवस स्टँडवर शोधत होते. सापडला नाही.

वॉर्ड

मुलांच्या वॉर्डात पाच खाटा होत्या. श्रावणीला ऑक्सिजनचा मास्क लावला, सुई टोचली, वाफ सुरू केली. सुरुवातीला दर वीस मिनिटांनी वाफ, मग तासाने, मग चार तासांनी. ते अंतर वाढत गेलं की आपलं माणूस बरं होतंय, हे मला सिस्टरने समजावलं. कोणी आकड्यात बोललं की मला बरं वाटतं.

पाचातल्या तीन खाटांवर वाफेचेच मास्क होते. शेजारच्या खाटेवर अंबरनाथचा सात वर्षांचा मुलगा. त्याच्या आईला मी विचारलं, "काय झालंय?"

"न्यूमोनियासारखं आहे."

"कधीपासून?"

"बालवाडीपासून."

मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. बालवाडीपासून कोणाला न्यूमोनिया असतो का? पण मी तरी तिला काय सांगितलं होतं? "आमच्या हिला सर्दी छातीत उतरली." दोघी एकमेकींना खोटं बोललो आणि एकाच डब्यातली उसळ खाल्ली. तिने आणलेली होती. चांगली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच डॉक्टरबाई राउंडला आल्या. म्हणाल्या, "घरचे पंप दाखवा." नवऱ्याने घरून आणून ठेवले होते. तपकिरी पंपाच्या मागे एक लहान खिडकी असते, त्यात किती डोस उरलेत त्याचा आकडा दिसतो. त्यांनी तो बघितला, पंप माझ्यासमोर धरला. मला वाटलं, आता ओरडतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

त्या म्हणाल्या, "हा कधीच रिकामा व्हायला हवा होता. ताई, तुम्ही मला पहिल्या दिवशीच म्हणाला असतात की तुमचा माझ्यावर विश्वास नाही, तर मी आणखी अर्धा तास बसले असते. यात मी कोणता आकडा वाढवून सांगितला होता?"

मग मी हळू आवाजात ताग्यांचं सांगितलं. मुलीच्या खोलीत छतापर्यंत कापड आहे हे. त्यांनी फक्त लिहून घेतलं.

त्या गेल्यावर मी राग पोरीवर काढला. श्रावणीचा मास्क निघाला होता, ती चहाबरोबर बिस्किट खात होती. मी म्हटलं, "तुला त्रास होत होता तर सरांना सांगायचं ना! तोंड नव्हतं का?"

"सांगितलं. बाथरूमला जाऊ का विचारलं."

"बाथरूमला?"

"तीनदा विचारलं. सर म्हणाले, पळायचं आलं की तुला बाथरूम आठवते, नाटक करू नको, अजून दोन राउंड मार." तिने बिस्किट बुडवलं. "पंपाचं कसं सांगणार? तूच म्हणाली होतीस ना, कोणाला सांगायचं नाही."

तक्रार म्हणून नाही बोलली ती. मी दिलेला नियम मलाच समजावून सांगत होती. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता. आमच्या लग्नात त्याने मला कधी टोचून बोललेलं नाही. त्या दिवशीही बोलला नाही, पण दोन दिवस माझ्याशी अजिबातच बोलला नाही. भांडला असता तर मी निभावलं असतं.

फाईल

डिस्चार्जनंतर मी शाळेत गेले. मान खाली घालून जाणारी मी नाही. माझी चूक माझ्या घरात. शाळेची चूक मला शाळेकडून वसूल करायची होती.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सुरेखाताई, बसा."

"बसायला नाही आले. तुमच्या सरांनी दम लागलेल्या पोरीला नाटकी म्हटलं आणि वर दोन राउंड मारायला लावले."

"आम्हाला माहीत असतं तर असं झालं नसतं." त्यांनी कपाटातून फाईल काढली, एक कागद माझ्याकडे फिरवला. जूनमध्ये भरलेला आरोग्याचा फॉर्म. श्वसनाचा आजार किंवा दमा आहे का? पुढे माझ्या अक्षरात: नाही. खाली माझी सही, झोकात रेघ ओढलेली.

निदान होऊन तेव्हा आठवडा झाला होता. मला आठवतंय, पेन थांबलं होतं. नणंद आठवली होती.

"आम्हाला काय स्वप्न पडणार होतं?" त्या म्हणाल्या.

"आणि ती नाटक करते हे स्वप्न बरं पडलं?" मी म्हटलं.

मग त्यांनी ती सगळी फाईलच माझ्यापुढे सरकवली. "एकट्या तुम्हीच नाही. बघा."

मी कागद उलटत गेले. नाही. नाही. नाही. निळ्या पेनाने, काळ्या पेनाने, मराठीत, इंग्रजीत. एका फॉर्मवर आधी 'हो' लिहून खोडलं होतं आणि वर 'नाही'. कोणाचं नाव मी इथे लिहिणार नाही. पण ती मुलं मी ओळखते. शर्टासाठी मी मुलांच्या छातीला टेप लावते आणि श्वास आत घ्यायला सांगते, तेव्हा माझा कान त्यांच्यापासून वीतभर असतो. ज्याच्या छातीतून बारीक शिट्टी यायची तो हा. माप घेताना खोकल्याने टेप सुटायची ती ही. "गळ्याचं बटण जरा सैल ठेवा, त्याला घट्ट सोसत नाही" असं ज्याची आई दर वर्षी सांगते तो हा. मी प्रत्येक आईला म्हणायचे, "हवामान बदललंय ना," आणि ती म्हणायची, "हो ना."

एकाच वर्गाची फाईल होती ती. मी काही सर्वे केलेला नाही आणि कानाला ऐकू येतं ते निदान नसतं, हे मलाही कळतं. पण सगळ्या वर्गाला एकदम सर्दी होते आणि ती वर्षानुवर्षं टिकते, यावर मी तरी यापुढे विश्वास ठेवणार नाही.

मग मी बसले. बसले की मी सौदा करते. मला काय हवं ते सांगितलं: पंप मुलीच्या खिशात राहील, मैदानावरसुद्धा. मॅडम म्हणाल्या, औषधं ऑफिसच्या कपाटात ठेवायची, असा नियम आहे. मी विचारलं, किल्ली कोणाकडे? क्लार्ककडे. क्लार्क जेवायला जातात तेव्हा? त्यांनी फाईल बंद केली. मग हळूच म्हणाल्या, "तुमचं आमच्या शाळेशी इतकं जुनं नातं आहे, युनिफॉर्मसुद्धा तुमच्याचकडून..."

ती धमकी होती की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, उद्या दुसऱ्याचा शर्ट लावा. पंप खिशात राहील. आणि लेखी द्या. तोंडी माझ्याकडे काही चालत नाही."

लेखी मिळालं. जादा पंप ऑफिसात, एक खिशात, सगळ्या शिक्षकांना सूचना. डॉक्टरबाईंनी त्रास झाला तर काय करायचं त्याचा कागद करून दिला, तो वर्गशिक्षिकेकडे आहे. युनिफॉर्मचं काम अजून तरी माझ्याकडे आहे. मी मात्र दुसऱ्या शाळा शोधून ठेवल्या आहेत.

सरांनी माफी मागितली नाही. "मला काय माहीत" एवढंच म्हणाले. ते मी विसरणार नाही. श्रावणीने केव्हाच माफ केलंय. तिला त्यांचे विनोद आवडतात. तिचं तिच्याजवळ.

आता

तागे खोलीतून गेले. त्यासाठी गाळा घ्यावा लागला, तो कसा घेतला ते वेगळं भांडण आहे. तपकिरी पंप रोज सांगितला तितक्या वेळा दाबला जातो. मी दर रविवारी खिडकीतला आकडा बघते. श्रावणी म्हणते, "तुझा माझ्यावर विश्वास नाही ना?" मी म्हणते, "नाही. माझाही माझ्यावर नाही. आण इकडे." डॉक्टरबाईंनी या वेळी तीन महिन्यांनी थोडा डोस कमी केला, स्वतःहून. मी विचारलं, "नक्की?" त्या म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या बाई, ज्या कमी केल्यावर भांडताय."

ती पळते. पहिली येत नाही. खोकला अजूनही येतो, थंडीत जास्त. कोणी 'कायमचा बरा करतो' म्हणत आलं तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी बघून घेते.

या जूनला दुकान भरलेलं होतं. एक बाई पहिलीतल्या मुलीला घेऊन आली. मी टेप लावली, "श्वास घे बाळा" म्हटलं आणि पोर खोकली. कोरडा, लांब खोकला. आणि खोकल्यामागून छातीतली ती ओळखीची बारीक शिट्टी.

"सर्दी आहे," आई म्हणाली. "हवामान बदललंय ना."

मी या वर्षी ठरवलं होतं, 'हो ना' म्हणायचं नाही. मी म्हटलं, "ताई, माझ्या मुलीला दमा आहे. मी पण सर्दीच म्हणायचे."

ती ताठ झाली. "आमच्यात नाही हो तसलं काही. तुम्ही शर्ट देताय, की मी दुसरीकडे जाऊ?"

मला उत्तर सुचलं होतं आणि ते चांगलं नव्हतं. तेवढ्यात काउंटरमागे गृहपाठ करत बसलेली श्रावणी उठून आली. त्या पोरीसमोर उकिडवी बसली आणि खिशातून पंप काढून तळहातावर धरला.

"हा माझा. निळा. तुझा कुठल्या रंगाचा आहे?"

पोरीने आईकडे बघितलं. मग श्रावणीच्या हाताकडे.

"माझा पण निळा," ती म्हणाली. "पण तो आईच्या पर्समध्ये असतो. आईचा आहे असं सांगायचं."

ती बाई स्टुलावर बसली. पर्सची चेन तिने अर्धी उघडली, तशीच धरून ठेवली. मी तिला पाणी दिलं आणि काही बोलले नाही. माझ्यासाठी ते सोपं नव्हतं.

तिच्या मागे आणखी चार आया रांगेत उभ्या होत्या. त्यातल्या एकीने आपली पर्स काखेत घट्ट दाबून धरली.

मी तिच्याकडे बघितलं. "तुम्ही या पुढे," मी म्हटलं.